त्या फोटोतल्या ताईंचा अंगठा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, मोबाईलवर टाइप करतेय त्यामुळे काना मात्रा इकडं तिकडं झाला तर सांभाळून घ्या. गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गोधड्या शिवून घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बायकांवर पानभर आलं होतं. छान होतं, आमच्या ग्रुपवर सकाळी साडेसातपासून तेच फिरत होतं. पण त्यातला मोठा रंगीत फोटो बघून माझा चहा तसाच निवला बघा. एक ताई गोल ब्लेडच्या म्हणजे रोटरी कटरनं कापड कापतायत, डाव्या हातानं पट्टी दाबलीय, आणि त्या हाताचा अंगठा पट्टीच्या कडेच्या बाहेर, ब्लेड जिथनं जाणार बरोबर तिथं. मागं टेबलावर अजून एक कटर उघडाच पडलाय, ब्लेड बाहेर. आणि खाली लिहिलंय की गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईकडं हे जादूचं चाक पाहिजेच.

तर ह्या जादूच्या चाकानं माझ्या बोटाला चार टाके घातलेत, म्हणून हे पत्र.

मी काही मोठी जाणकार नाही. सासर सोलापूरच्या पूर्व भागातलं, सासरे लूमवर होते, घरात कापडाशिवाय दुसरा विषय नाही. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगाला माहीत आहेत, पण इथं शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने पण किती आहेत ते बाहेरच्यांना माहीत नसतं, आणि कारखाना आला की कतरण, म्हणजे कापून उरलेले तुकडे आले. ती किलोवर मिळते. निळी, खाकी, मरून, चेक्सची, पट्ट्यापट्ट्यांची. मी बरीच वर्षं त्या कतरणीच्या गोधड्या करते आणि त्यातली अकरा वर्षं गोल कटर वापरतेय. एवढंच माझं शिक्षण.

पहिली गोष्ट म्हणजे 'प्रत्येक बाईकडं पाहिजेच' हे मला पटलं नाही. माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्या गोधडीला कौदी म्हणायच्या, माझ्या माहेरी वाकळ म्हणतात. त्या कौदीला कसला कटर लागतोय? खाली जुनेर पसरायचं, मधे फाटक्या साड्या धोतरं अंथरायची, वर जे मिळेल त्याची ठिगळं, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. एखादं ठिगळ बोटभर लहान निघालं तर शेजारचं थोडं वर सरकवायचं, कोण मोजतंय. सासूबाई कात्रीसुद्धा कमीच वापरायच्या, काठाला दातानं जरासं टोचायचं आणि टर्र करून फाडायचं. सुती कापड फाडलं की दोऱ्याच्या रेषेत सरळच फाटतं, त्याच्याइतकं सरळ कुठलाच कटर कापत नाही हे मी आज पण सांगते. म्हणजे ज्या बाईला आईसारखी वाकळच घालायचीय तिनं कटरचे पैसे वाचवावेत आणि चांगला दोरा आणि सुया घ्याव्यात.

कटर लागतो कुठं, तर जोडकामाला. म्हणजे चौकोनाला चौकोन, त्रिकोणाला त्रिकोण मशीनवर जोडून वरचा पदर करायचा आणि मग अस्तर लावायचं, ज्याला हल्ली सगळेजण क्विल्ट म्हणतात आणि ज्याला पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक बरे पैसे देतं. तिथं ठिगळ सरकवायची सोय नाही. तयार चौकोन चार इंची पाहिजे तर साडेचार इंची कापायचा, चारी बाजूनी पाव पाव इंच शिलाईत जातो. आता हातकात्रीनं कापताना एकेक तुकडा नुसता दोन मिलिमीटर जास्त गेला, म्हणजे डोळ्याला दिसत पण नाही एवढा, तर आठ तुकड्यांच्या ओळीत सोळा मिलिमीटर झाले की ओ, अर्ध्या इंचाच्या वर. शेजारची ओळ बरोबर कापलेली असेल तर दोन्हीचे कोपरे जन्मात जुळत नाहीत, मग कुठं ओढ कुठं चुणी घाल, आणि शेवटी गोधडी पलंगावर टाकली की मधे फुगलेली कडेला आखडलेली. मी अशा दोन उसवल्यात. तिसरी उसवली नाही, नणंदेला दिली.

हा कटर मुळात गोधडीवाल्यांसाठी निघाला नव्हता. जपानच्या ओल्फा कंपनीनं तो १९७९ साली कपडे शिवणाऱ्यांसाठी काढला. हीच ती कंपनी जिच्या मालकानं १९५६ मध्ये टोक मोडून नवी धार मिळणारं ब्लेड शोधलं, तो पिवळा कटर आपल्याकडं प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो बघा. चॉकलेटच्या वडीचे तुकडे जसे रेघेवर मोडतात त्यावरून त्याला ते सुचलं म्हणे, आणि कंपनीचं नाव पण जपानीत 'मोडायचं पातं' अशा अर्थाच्या शब्दांवरूनच पडलंय. त्यांनी गोल ब्लेड आणलं शिवणकामाला आणि ते उचललं क्विल्ट करणाऱ्यांनी. त्याच्या आधी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलनं भोवती रेघ मारायची आणि एकेक तुकडा कात्रीनं कापायचा. कटर आल्यावर आधी कापडाच्या लांब पट्ट्या कापायच्या, पट्ट्या जोडायच्या आणि मग त्या आडव्या कापायच्या, म्हणजे शंभर चौकोनांचं काम दुपारभरात. आपल्या कारखान्यात कटिंग मास्टर पन्नास शंभर थर एकदम कापतात ती करंटवरची मशीन वेगळी, तिथं मास्टर हातात लोखंडी जाळीचा मोजा घालतो. घरी आपण काय घालतो, बांगड्या.

आता माझ्या बोटाचं सांगते. पहिला कटर मी गड्ड्यावर घेतला, सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर जे स्टॉल लागतात तिथं, कोणत्या स्टॉलवर ते आता आठवत पण नाही. हौसेनं घेतला, घरी आले, खाली सतरंजीवर बसले, मुलाच्या कंपासपेटीतली पातळ स्टीलची पट्टी घेतली, कापडाखाली जुना कॅलेंडरचा पुठ्ठा घातला आणि सुरू. एवढ्या एका वाक्यात मी किती चुका केल्यात ते मला नंतर कळलं. पट्टी पातळ, त्यामुळं ब्लेड तिच्या कडेवर चढलं आणि पलीकडं माझी तर्जनी. आधी दुखलंच नाही, नव्या ब्लेडनं कापलेलं दुखतच नाही आधी, मी कापडावर लाल ठिपका बघितला आणि म्हटलं हा कुठला रंग. डॉक्टरांनी विचारलं कशानं कापलं, मी म्हटलं गोधडीनं. ते हसले, मग टाके घालताना मी हसले नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.

तर ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी तीन वस्तूंचे पैसे एकदम जमवावेत आणि मगच दुकानात जावं. कटर, जाड अॅक्रिलिकची पट्टी, आणि कापडाखाली अंथरायची मॅट. नुसता कटर घेणं म्हणजे पाटा नाही आणि नुसता वरवंटा आणलाय. पैसे कमी पडत असतील तर अजून दोन महिने कात्री वापरा, काही बिघडत नाही.

कटर वेगवेगळ्या साइजमध्ये येतो, ब्लेडचा व्यास बघायचा, १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटर. पहिला घेताना डोळे झाकून ४५ चा घ्या. त्यानं सुती कापडाचे चार थर आरामात कापले जातात. २८ चा लहान गोलाईला बरा, म्हणजे पाकळ्या बिकळ्या कापायच्या असतील तर, कारण लहान चाक वळणावर पटकन फिरतं, आणि १८ चा तर अगदीच बारीक कामाला. ६० चा मी चादरीसाठी घेतला. जुन्या सोलापुरी चादरीच्या पिशव्या करायचं खूळ मधे आलं होतं, ती चादर इतकी जाड की ४५ चा दोनदा फिरवला तरी खालचे दोरे तसेच राहायचे, ६० चा एका फेरीत जातो. पण तो जड आहे, दिवसभर चालवला की मनगट रात्री बोलतं. टॉवेल कापायला पण तोच बरा, फक्त टॉवेलची लव उडते ती ब्लेडच्या मागं जाऊन बसते, दर थोड्या वेळानं पुसावं लागतं.

साइजपेक्षा पण महत्त्वाचं म्हणजे ब्लेड बंद कसं होतं ते दुकानात उघडझाक करून बघा. एक प्रकार असतो त्यात अंगठ्यानं बटण सरकवून झाकण पुढं आणायचं, म्हणजे तुम्हाला आठवण राहिली तर बंद. दुसऱ्यात मूठ दाबली की ब्लेड बाहेर आणि सोडली की आपोआप आत. घरात लहान मूल असेल किंवा मांजर असेल किंवा माझ्यासारखा विसराळूपणा असेल तर दुसराच घ्या. ज्यांची बोटं सांध्यात आखडतात त्यांना सारखी मूठ दाबून धरणं जमत नाही, माझ्या जावेला नाही जमलं, तिनं बटणाचा घेतला पण तिला मी सवय लावली की पट्टीवरनं कटर उचलला की आधी झाकण मग बाकीचं. एक रेघ कापली, झाकण. परत कापायचंय, उघड. चहा आला, झाकण. पहिले आठ दिवस ती मला शिव्या द्यायची. तुमच्या फोटोतला मागचा उघडा कटर कुणाच्या पदराला लागून खाली पडला असता तर पायाचं काय झालं असतं ते मी इथं लिहीत नाही. आणि जे डावखुरे आहेत त्यांनी ब्लेड दुसऱ्या बाजूला बसवता येतं का ते विचारून घ्यावं. ब्लेड कायम पट्टीच्या बाजूला असायला पाहिजे, उजव्या हातानं कापणाऱ्याचं ते डाव्या अंगाला असतं. माझी भाची डावखुरी, तिला कुणीतरी तसाच कटर देऊन 'तुला जमत नाही' म्हणून सांगितलं होतं. ब्लेड फिरवून दिलं, आता माझ्यापेक्षा सरळ कापते.

पट्टी निदान तीन मिलिमीटर जाड पाहिजे, आणि आरपार दिसणारी, म्हणजे खालचं कापड दिसतं आणि ब्लेड वर चढत नाही. सहा बाय चोवीस इंची घेतली की बहुतेक सगळं भागतं, कारण चव्वेचाळीस पंचेचाळीस इंची पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, घडी घातला की बावीस साडेबावीस होतो आणि पट्टी त्याला पुरते. पंचेचाळीस आणि साठ अंशाच्या तिरक्या रेघा असतील तर त्रिकोणाला बऱ्या. एकीनं नावाच्या पाट्या करणाऱ्याकडनं अॅक्रिलिकचा तुकडा कापून आणला, स्वस्तात पडला, पण त्यावर रेघा नाहीत, मग मापाला परत टेप आणि खडू, म्हणजे अर्धा फायदा गेला. पट्टी कापडावर सरकते ही सगळ्यांची तक्रार, त्याला माझा उपाय म्हणजे बारीक काचपेपरचे टिकलीएवढे गोल कापायचे आणि डबल टेपनं पट्टीच्या खाली चार पाच ठिकाणी चिकटवायचे. आणि माप पट्टीवरच बघा, एकदा पट्टीवर एकदा मॅटवर असं करू नका, दोन्हींच्या रेघा केसभर इकडं तिकडं असतात आणि तो केसभर फरकच पुढं गोधडी बिघडवतो.

आता अंगठा. डाव्या हाताची बोटं पसरून पट्टीच्या मधोमध ठेवायची, कोळ्याच्या पायांसारखी, तळवा नाही टेकवायचा. करंगळी पट्टीच्या पलीकडच्या कडेला खाली मॅटवर टेकवायची, तो ब्रेक. ब्लेडच्या बाजूला एक बोट पण नाही, आणि अंगठा तर नाहीच नाही. कापताना ब्लेड सरळ उभं, आडवं कलतं करायचं नाही, दांडा साधारण पंचेचाळीस अंशात, आणि कायम अंगापासून लांब ढकलायचं, अंगाकडं ओढायचं नाही. कापायचं लांब असेल तर हात जिथपर्यंत पोचतो तिथं कटर जागच्या जागी थांबवायचा, डावा हात पुढं चालवायचा आणि मग परत कटर पुढं. करवतीसारखं पुढंमागं घासायचं नाही, दोरे निघतात. जोर पण फार लावायचा नाही, जोर लावावा लागतोय म्हणजे ब्लेड बोथट झालंय, आणि माझं बोट सोडलं तर मी बघितलेले बहुतेक सगळे अपघात बोथट ब्लेडवर जोर लावतानाच झालेत.

आणि बायांनो खाली बसून कापू नका, ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलणी बसतात. आपल्याला सगळं खाली बसूनच करायची सवय, भाकरी पण आणि गोधडी पण. पण खाली बसलं की जोर खांद्यातून न येता मनगटातून येतो आणि गुडघा बरोबर ब्लेडच्या वाटेत. उभं राहून कापायचं. टेबल नसेल तर स्वयंपाकाचा ओटा आहे की, त्याची उंची बरोबर असते. दुपारी भांडी आवरली की मी ओटा पुसून कोरडा करते, मॅट टाकते, तोच माझा कारखाना. मॅटशिवाय मात्र ग्रॅनाइटवर एक फेरी मारली तरी ब्लेड संपलं समजा.

कापायच्या आधीची तयारी लोक टाळतात आणि मग कटरला नावं ठेवतात. सुती कापड आधी धुऊन घ्या, आकसायचं ते आधीच आकसू दे. मग हलकी खळ देऊन इस्त्री. सोलापूरच्या माणसाला खळीचं महत्त्व मी काय सांगायचं, लूमवर ताणा म्हणजे उभं सूत चढायच्या आधी त्याला खळ देऊन सायझिंग का करतात ते घराघरात माहीत आहे, तसंच हे, ताठ कापड ब्लेडखाली पळत नाही. युनिफॉर्मचं टेरिकॉट मात्र गुळगुळीत, त्याला खळ धरत नाही, ते दोनच थर घेऊन सावकाश कापते मी. चेक्सच्या कापडाला चेक्सच्या रेघेवर विश्वास ठेवायचा की पट्टीवर हा वेगळाच वाद आहे, कारण चेक्स पुष्कळदा तिरके गेलेले असतात. मी पट्टीचं ऐकते, पण चौकोन मोठा असेल आणि चेक्स लांबून दिसणार असतील तर चेक्सचं. तिरकं म्हणजे उरेप कापलेलं कापड ताणलं जातं हे पण लक्षात असू द्या, त्रिकोणाची एक तरी कड उरेपात येतेच, तिला इस्त्री ओढून करायची नाही, नुसती वरनं दाबायची.

घडीच्या कापडाची पट्टी कापताना एक गंमत होते ती सांगते, कारण माझे दोन महिने ह्याच्यात गेलेत. घडी पट्टीच्या रेघेला अगदी काटकोनात नसली की कापलेली पट्टी उलगडल्यावर मधे वाकलेली निघते, बरोबर घडीच्या जागी, कोयत्यासारखी. मी समजायचे कापडच वाकडं विणलंय, कारखान्याला नावं ठेवायचे. सासूबाई एकदा मागनं बघत होत्या, म्हणाल्या, "काय करूलालीस गं, घडी तर बघ की आधी." तेव्हापासून आधी पट्टीची आडवी रेघ घडीवर बसवते, कड छाटून सरळ करते आणि मगच मोजायला सुरुवात, आणि चार पाच पट्ट्या झाल्या की परत एकदा कड सरळ करून घेते कारण हळूहळू ती सरकतेच.

मॅटवर ब्लेडच्या खुणा भरून येतात म्हणतात ते खरंय, पीव्हीसीची असते, ब्लेड तिचा तुकडा काढत नाही नुसता बाजूला सारतं आणि परत ते जवळ येतं. पण तिचा वैरी आहे ऊन, आणि आपल्या सोलापुरात एप्रिल मे मध्ये त्रेचाळीस चव्वेचाळीस सहज. माझी पहिली मॅट मी पत्र्याच्या खोलीत खिडकीला उभी टेकवून ठेवली होती, चार दिवस गावाला गेले, आले तर लग्नातल्या पापडासारखी झालेली. गादीखाली ठेवली, वर ट्रंक ठेवली, थोडी बसली पण एक कोपरा अजून उचललेला आहे आणि पट्टी तिथं हलते. मॅट कायम आडवी ठेवायची, पलंगाखाली सावलीत. गाडीच्या डिकीत नाही, गच्चीवर नाही. तिच्यावर इस्त्री नाही. गरम चहाचा कप पण नाही, माझ्या मिस्टरांनी ठेवला होता, त्या कपाएवढा गोल फुगवटा आला तो आजतागायत आहे, मी त्या भागाला त्यांचंच नाव दिलंय. धुवायची तर गार किंवा कोमट पाण्यानं, आणि खाचेत अडकलेली लव खोडरबरानं निघते.

ब्लेडचं एक सांगायचं राहिलं, टाचणीवरनं ब्लेड गेलं की त्याला बारीकशी खाच पडते, आणि मग काय होतं तर दर ठराविक अंतरावर एक दोरा न कापलेला राहतो. ४५ च्या ब्लेडचा घेर साधारण चौदा सेंटिमीटर, म्हणजे दर चौदा सेंटिमीटरला एक दोरा अडकलेला दिसला की समजायचं ब्लेड खाच खाऊन बसलंय, आपला हात चुकत नाहीये. ब्लेड बदलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, स्क्रू, वायसर, स्प्रिंग कशाच्या नंतर काय बसतं ते, नाहीतर एक वायसर हमखास उरतो. नवी ब्लेडं तेलानं एकमेकाला चिकटलेली असतात, दोन एकदम बसवली तर कटर विचित्र चालतो, माझ्याकडनं झालंय. स्क्रू फार आवळला की चाक फिरत नाही नुसतं घासत जातं, फार सैल ठेवला की डुगडुगतं. मशीनचं तेल एक थेंब. कागद कापायला जुनं ब्लेड वेगळं ठेवा, त्यावर खूण करा, घरातली मुलं प्रोजेक्टला तुमचा कटर नेणारच आहेत हे धरून चाला. आणि धार लावून आणू म्हणून मी सायकलवरच्या धारवाल्याला पण विचारून बघितलं, त्यानं ब्लेड बोटावर फिरवलं आणि म्हणाला, "ताई, ह्याला चाकाला लावलं तर ह्याचं गोलपणच जाईल, नवीन घ्या की."

आता खरी तक्रार, कारण ही एकट्या माझ्या घरातली नाही. हे जुनं ब्लेड टाकायचं कुठं? बोथट झालं म्हणजे कापडाला बोथट, हाताच्या कातडीला नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं तसंच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि घंटागाडीवर येणाऱ्या ताईंचा तळहात कापला, पिशवी दाबायला गेल्या आणि. त्या काही बोलल्या नाहीत, फडकं बांधलं आणि पुढच्या गल्लीत गेल्या, हेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी ठेवलीय, तुटक्या सुया, वाकड्या टाचण्या आणि ब्लेडं सगळी तिच्यात. भरली की झाकणाला टेप मारून वर मार्करनं मोठ्या अक्षरात 'ब्लेड आहेत' लिहून त्या ताईंच्या हातात वेगळी देते, सांगून देते. वर्षातनं एखादी डबी भरते, काही कष्ट नाहीत.

दुसरं म्हणजे मधे एका ठिकाणी बायकांना शिवणाचं ट्रेनिंग दिलं, नाव घेत नाही, हेतू चांगलाच होता, पण किटमध्ये मशीनचं सामान, दोरे आणि एक रोटरी कटर. मॅट नाही, पट्टी नाही, आणि शिकवायला अर्धा तास. माझ्या शेजारच्या मुलीनं तो कटर भाकरीच्या पोळपाटावर चालवला. पोळपाटाचं काय झालं ते सोडा, पण ब्लेड लाकडात रुतून अचानक सुटतं आणि सुटल्यावर कुठं जाईल सांगता येत नाही. ज्यांना द्यायचंय त्यांनी दोन कटर कमी द्या पण चार जणीत एक मॅट आणि एक पट्टी द्या, आणि पहिला दिवस जुन्या चादरीच्या तुकड्यावर नुसतं उघड, काप, झाक, उघड, काप, झाक एवढंच करून घ्या.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या एखाद्या रविवारी छोटीशी चौकट टाका आणि दुसरा फोटो छापा, बोटं आत, झाकण बंद. फोटोला बाई मिळत नसेल तर मी येते, ओट्यासकट. आणि त्या फोटोतल्या ताईंचा नंबर तुमच्याकडं असेलच, त्यांना आजच फोन करा आणि म्हणावं अंगठा आत घ्या. त्यांचं जोडकाम फार सुरेख दिसत होतं, तो मरून आणि खाकीचा मेळ मला सुचला नसता.

आपली,
एक गोधडीवाली, सोलापूर